पुस्तकात नसलेला बेडूक

थायलंडच्या इसान भागात, बान दोनखा गावात किंवा मून नदीच्या काठाने आणखी पाच-सहा गावांत चाळिशी उलटलेल्या कुणालाही विचारा, की ‘पाण्याखालचं गाव’ या गोष्टीत मालाय या पोरीला वाट कोण दाखवतं. उत्तर एकच येईल, उंग बेडूक. शपथेवर सांगतील. पुस्तक वाचलंय का, असं मात्र त्यांना विचारू नका. पुस्तक कशाला वाचायला हवं? सगळ्यांनी सिनेमा पाहिला होता, तोही देवळाच्या पटांगणात, चटईवर मांडी घालून, भाजलेल्या कोंबडीची हाडं चोखत. मध्यंतरी टीव्हीवर शनिवार-रविवार सकाळी याच गोष्टीची मालिका लागली होती. तीत नागराजा होता, रंगीत धूर होता, मालायला रोज नवा पोशाख होता, पण बेडूक नव्हता. तेव्हा गावाने निकाल दिला, की आम्हाला बेडूकखाऊ म्हणून हिणवणाऱ्या बँकॉकवाल्यांनीच शेवटी आमचा बेडूक खाल्ला.

खरं काय ते एकट्या सवेंगला ठाऊक होतं, आणि तो गप्प होता.

सवेंगचा धंदाच बोलण्याचा. पूर्वी गावोगाव फिरणाऱ्या सिनेमाच्या रिळांना आवाज नसायचा. पडद्यावरची माणसं नुसते ओठ हलवायची आणि बोलायचं सवेंगने, खाली यंत्राशेजारी मायक्रोफोन धरून. राजे, राक्षस, चेटकिणी, मगरी, ढगांचा गडगडाट सगळं त्याच्याकडे. बायका, पोरं आणि कोंबड्या त्याच्या बायकोकडे, वान्दीकडे. कंपनीवाले संवादांचे कागद द्यायचे. सवेंग ते वाचायचा आणि त्यात आपल्या पदरचं घालायचा. शुद्ध थाई कागदावर राहायची आणि पडद्यावरचा राजा खास इसानी बोलीत राणीला विचारायचा, आज जेवायला काय केलंस गं.

‘पाण्याखालचं गाव’ सिनेमात एक लांबलचक तुकडा होता. हरवलेल्या भावाला शोधायला मालाय नदीच्या तळाने चालत जाते. चालते, चालते आणि चालतेच. कागदावर एक शब्द नव्हता. पहिल्याच खेळाला लोक आळोखेपिळोखे देत उठले आणि सोमतामच्या, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, गाड्याकडे निघाले. तेवढ्यात सवेंगला पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एक गोल ढेकूळ दिसलं. दगड असेल, नाही तर चित्रीकरणवाल्यांपैकी कुणाची टोपी. ते जरासं हललं, आणि सवेंगने त्याला घसा फुगवून आवाज दिला.

“ए पोरी, पाय सांभाळून. माझ्या टाळक्यावर देशील. आणि एक सांग, तुमच्या गावात बेडूक भाजून खातात की तळून?”

लोक हसले आणि परत येऊन बसले. त्या दिवसापासून बेडूक गोष्टीत राहायला आला आणि बघता बघता घरमालक झाला.

वान्दी जाऊन दोन वर्षं झाली होती. सवेंगला आता कुणी बोलवत नसे, कारण हल्ली सिनेमे स्वतःच बोलतात. त्याच्याकडे श्रोता म्हणून उरली होती एकटी नात, लूकवा. वय दहा. जन्मली तेव्हा जांभळासारखी टपोरी आणि काळीभोर होती, म्हणून आईने लूकवाच, म्हणजे जांभूळच, नाव ठेवलं. ती त्याला ‘ता’ म्हणायची. आईच्या वडिलांना तिथे तेच म्हणतात. संध्याकाळी चिकट भाताची टोपली रिकामी झाली, की ती चटईवर त्याच्या गुडघ्याला टेकून बसायची आणि म्हणायची, “ता, बेडूक.” मग सवेंग बोलायला लागायचा. म्हातारपणी माणसाला याहून जास्त काय लागतं? सवेंगला तरी नव्हतं लागत.

हे सुख शाळेच्या एका चाचणीने घालवलं. ‘पाण्याखालचं गाव’ त्या वर्षी पाचवीला होतं. प्रश्न आला, की मालायला वाट कशी सापडली. लूकवाने अर्धं पान भरून उंग बेडूक लिहिला, संवादांसकट, भाजून की तळून यासकट. बाईंचं नाव ख्रू अरुनी. स्वभावाने गरीब. त्यांना ते इतकं आवडलं, की त्यांनी कौतुकाने सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं आणि शेवटी म्हणाल्या, की कल्पना सुंदर आहे, पण गोष्टीत बेडूक नाही, म्हणून गुण शून्य. वर्ग खो खो हसला. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव उंग पडलं होतं आणि ती जाईल तिथे मागून डराव डराव सुरू झालं होतं. दोघातिघांच्या बापांनी दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन बाईंशी भांडण काढलं, की बेडूक आहे म्हणजे आहे, आम्ही डोळ्यांनी पाहिलाय. त्याने तर आणखीच शोभा झाली.

लूकवा घरी आली ती दप्तर न काढताच त्याच्यासमोर उभी राहिली.

“ता, पुस्तकात बेडूक नाहीये.”

“असेल गं. नीट बघ.”

“दोनदा वाचलं. नाहीये.”

“मग हे नवं पुस्तक असेल. हल्ली छापणारे काहीही गाळतात.”

“तुम्ही वाचलंय का जुनं?”

सवेंगने पानसुपारीच्या डब्यात काहीतरी शोधायला घेतलं. लूकवाने दप्तरातून पुस्तक काढून त्याच्या मांडीवर ठेवलं.

“आधी वाचा. मग बोलू.”

आणि खरंच तिने बोलणं टाकलं. जेवायची, भांडी विसळायची, आजोबांना हात जोडून शाळेत जायची, कुठे बोट ठेवायला जागा नाही. फक्त संध्याकाळी चटईवर येत नसे. एवढ्याशा पोरीचा राग, दोन दिवसांत उतरेल, असं सवेंगची मुलगी म्हणाली. तो उतरला नाही.

अशात पा संगियम, म्हणजे संगियममावशी, येऊन थडकली. गावातली नूडल्सवाली, वयाने साठीची, आवाजाने विशीची. एप्रिलमध्ये तिच्या मुलाची, वुतची, सैन्यभरतीची सोडत होती. लाल चिठ्ठी निघाली तर दोन वर्षं बराकीत, काळी निघाली तर घरी. पा संगियमने नदीच्या वळणावरच्या चावफोला, गावाच्या राखणदार देवाला, नवस केला होता, की काळी निघू दे, तुला सिनेमा दाखवीन. काळी निघाली. मग तिने आज दाखवू, उद्या दाखवू करत जून उजाडवला, आणि परवा वुत मोटरसायकलसकट भाताच्या खाचरात गेला. पाय मोडला.

“चावफोने आठवण करून दिली,” ती म्हणाली. “शुक्रवारी सिनेमा लावायचा. जुनी रिळं मिळालीत. तू बोलायचंस.”

“टीव्हीवाला लाव की. त्यात नागराजा आहे. देवाला आवडेल.”

“त्याला तो आवडत नाही.”

“तुला कसं कळलं?”

“मला नाही आवडत. त्याला कसा आवडेल?” पा संगियम म्हणाली. “आणि मी नवस बोलले तो उंग बेडकाचा. नाव घेऊन बोललेय. भलतंसलतं दाखवलंस तर वुतचा दुसरा पाय अजून शाबूत आहे, लक्षात ठेव.”

सवेंग हो म्हणाला. ती गेल्यावर त्याने चष्मा पुसला, घराखाली खांबांना बांधलेल्या झोळीत अंग टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक आख्खं पुस्तक वाचायला घेतलं.

सुरुवातीला तो चिडलाच. तिसऱ्या पानापर्यंत कुणी तोंड उघडत नाही. नदी अशी होती, धुकं तसं होतं. प्रेक्षक उठून जातील ना बाई, असं तो लेखिकेला मोठ्याने म्हणाला. कोंबड्यांनी माना वर केल्या. मग हळूहळू तो गप्प झाला. सिनेमात नदीची चेटकीण होती, हातभर नखांची. तिला त्याने इतकी वर्षं खिदळायला लावलं होतं. पुस्तकात ती होती जाळी विणणारी एक म्हातारी, जिला माणसांची नावं आठवत नाहीत आणि त्याची लाज वाटते. सवेंगला वाटलं, तिची माफी मागायला हवी. सिनेमातली तलवारींची लढाई, जिच्यात त्याचा घसा बसायचा, ती पुस्तकात एका ओळीत होती, आणि तीही कुणीतरी उठवलेली अफवा. आणि भावाला कुणी पळवलं नव्हतंच. घरात सगळे त्याला मठ्ठ म्हणायचे, म्हणून तो आपणहून नदीत उतरला होता. मालायला कुणाशी लढायचं नव्हतं. तिला त्याची समजूत काढायची होती, आणि ते लढाईपेक्षा अवघड होतं.

सवेंगला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, की हे फार सुंदर आहे. दुसरी, की हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं नाही. दुसऱ्या वाटण्याला उत्तर होतं: पुस्तक शाळेच्या कपाटात पन्नास वर्षं होतं आणि शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर.

नदीच्या तळाचा तो लांबलचक रस्ता आला तेव्हा तो सावरून बसला. बेडूक नव्हता. ढेकूळसुद्धा नव्हतं. अंधार होता आणि पोर एकटी होती. पण पान उलटल्यावर लिहिलं होतं, की मालायला इतकी भीती वाटली की ती स्वतःशीच दोन आवाजांत बोलू लागली. एक आवाज तिचा होता. दुसरा कुणाचा हे तिने ठरवलं नव्हतं. पण तो तिच्यापेक्षा धीट निघाला.

सवेंग असा झटक्यात उठला, की झोळीने त्याला जमिनीवर ओतलं. कमरेला हात लावून तो तसाच मागच्या अंगणात गेला. लूकवा चिंचा सोलत होती.

“हे बघ. हे वाच. दुसरा आवाज आहे की नाही? हा आपला उंगच की.”

लूकवाने पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला ते पाठ होतं.

“तो बेडूक नाहीये, ता. ती तीच आहे.”

“तेच तर म्हणतोय मी.”

“नाही. तुम्ही म्हणता, कुणीतरी आलं आणि त्याने तिला वाट दाखवली. पुस्तकात कुणीच येत नाही. तिची वाट तिनेच शोधली. म्हणून तर बाईंनी तो प्रश्न घातला होता.”

सवेंग चिंचांच्या ढिगाशेजारी बसला. पोर बरोबर बोलत होती.

“बेडूक मी घातला,” तो म्हणाला. “लोक उठून सोमताम खायला चालले होते.”

“मग मला आधीच का नाही सांगितलंत?”

“तू हसायचीस ना.”

“वर्गातली पोरंपण हसली,” लूकवा म्हणाली आणि पुढची चिंच उचलली.

सवेंगने दुसरा विषय काढला, जो त्याच्या मनात खरं तर पहिलाच होता.

“शुक्रवारी मालायचं बोलायला कुणी नाही. तुझी याय, माझी वान्दी, असती तर प्रश्न नव्हता. माझ्या घशातून मालाय निघाली तर चावफो देव्हारा सोडून नदीत उडी घेईल. तू येशील?”

लूकवाने हातातली चिंच सोलून संपवली. “बेडूक नसेल तर येईन.”

सवेंग तडक नूडल्सच्या दुकानात गेला. पा संगियमला त्याने सगळं समजावून सांगितलं, पुस्तकातलं पान दाखवलं, पोरीची काय फजिती झाली तेही सांगितलं. पा संगियमने शांतपणे ऐकून घेतलं आणि आत पाय वर करून पडलेल्या वुतकडे बोट दाखवलं.

“पोरीची फजिती दोन दिवसांची. देवाला दिलेला शब्द म्हणजे शब्द. बेडूक बोलला नाही तर नवस फिटला नाही.”

“आई, माझा दुसरा पाय राहू दे हं,” आतून वुत म्हणाला.

आता आली का पंचाईत? देवाला बेडूक हवा, नातीला नको, आणि दोघेही हट्टी. घरी येऊन सवेंगने लूकवाला खरं ते सांगितलं: बेडूक बोलणार. लूकवा म्हणाली, “बरं. मग मी नाही.”

शुक्रवारी दिवस मावळताना नदीच्या वळणावर पांढरा पडदा लागला. चावफोच्या घुमटीसमोर उदबत्त्या, उकडलेली डुकराची मुंडी, नळी खुपसलेली लाल सरबताची बाटली. पुढची खुर्च्यांची रांग रिकामी, कारण ती देवाची आणि त्याच्या पाहुण्यांची. मागे पा संगियम, बाकावर पाय पसरून वुत, आणि अशा वेळी देवाच्या निमित्ताने फुकटात पाहणारं अर्धं गाव. सवेंगची मुलगी आली होती. लूकवा आली नव्हती. सवेंगने दोन मायक्रोफोन मांडले होते. दुसरा कशाला, असं कुणी विचारलं नाही.

रिळ फिरू लागलं. राजे, राक्षस सगळे ठीक गेले. मग मालाय आली. आई भावासाठी रडतेय आणि ती सांगते, मी आणते त्याला. सवेंगने घसा चोळला, आवाज चढवला, आणि जे बाहेर पडलं ते ऐकून एक कुत्रं उठून उभं राहिलं. लोक हसले. त्याने आणखी जोर लावला. लोक पोट धरून हसले. मागून कुणीतरी ओरडलं, “सवेंग, मालायला खोकल्याचं औषध दे.” पूर्वी असं हसू आलं की त्याला बळ यायचं. आज पुस्तकातली पोर त्याच्या डोळ्यांसमोर होती, आणि ते हसू त्याला सोसवेना.

तेवढ्यात गर्दीच्या कडेने कुणीतरी तरातरा चालत आलं. लूकवा. ती मागेच कुठेतरी चिंचेच्या झाडाआड उभी होती. ती त्याच्याकडे न बघता शेजारच्या स्टुलावर बसली आणि दुसरा मायक्रोफोन ओढला.

“मालायला हसतायत,” ती रागाने पुटपुटली. “कशाला हसतायत तिला?” आणि पुढच्याच वाक्याला तिने तोंड उघडलं.

तिचा आवाज वान्दीसारखा नव्हता. तो तिचाच होता, थोडा नाकातला, थोडा घाबरलेला, आणि शब्द पुस्तकातले. ओठांशी जुळत नव्हते तिथे ती घाई करत होती. पण हसणं थांबलं. हाडं चोखणंही थांबलं.

मग नदीचा तळ आला. मालाय चालू लागली. डावीकडे कोपऱ्यात ते गोल ढेकूळ उगवलं आणि मागे गर्दीत खुसखुस सुरू झाली. लोक बेडकाची वाट बघत होते. सवेंगने मायक्रोफोन तोंडाशी नेला. त्याने घुमटीकडे पाहिलं. मग नातीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. पोर आली होती, बेडूक बोलणार हे माहीत असून आली होती. सवेंगने मायक्रोफोन खाली ठेवला. चावफोचं काय ते नंतर पाहू, पाय माझा घे म्हणू, असं त्याने मनाशी ठरवलं.

पडद्यावर मालाय चालत राहिली. कुणीच बोललं नाही. रिळाचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. पा संगियम उठून उभी राहिली.

“सवेंग, बेडूक कुठाय?”

वुतने धडधाकट पाय हळूच बाकाखाली ओढून घेतला.

“मला भीती वाटतेय,” मायक्रोफोनमधून लूकवा म्हणाली. मालाय म्हणाली. “इथे कुणी आहे का?”

कुणी नव्हतं. सवेंग ओठ मिटून बसला होता. आणि मग त्याच्या कानाशी, अगदी शेजारून, घसा फुगवून, तो आवाज आला. त्याचाच आवाज, पण लहान पोरीच्या गळ्यातून आलेला.

“मी आहे ना. पाय सांभाळून ठेव, टाळक्यावर देशील.”

“तुला वाट माहितीये?” लूकवाने मालायच्या आवाजात विचारलं.

“छे. मला कुठली वाट माहिती?” लूकवाने बेडकाच्या आवाजात उत्तर दिलं. “वाट तूच शोध. मी नुसता बडबड करतो, म्हणजे तुला भीती वाटायची नाही.”

पोर एकटी होती, आणि दोन आवाजांत बोलत होती. पुस्तकात लिहिलं होतं ते अगदी असंच होतं. इतक्या वर्षांत सिनेमावाल्यांना जमलं नव्हतं, टीव्हीवाल्यांना जमलं नव्हतं, सवेंगला तर नव्हतंच. पा संगियमने घुमटीला हात जोडले आणि समाधानाने बसकण मारली. मागे लोक हसत होते, पण आता मालायबरोबर हसत होते. सवेंग रडत होता. त्याने ते लपवलंही नाही. अंधारात लपवायचं कुणापासून?

तळाचा रस्ता संपला. पडद्यावर हातभर नखांची म्हातारी आली. आता सवेंगने बोलायचं होतं, आणि तो अजून डोळेच पुसत होता. लूकवाने मायक्रोफोनवर तळहात ठेवला आणि त्याच्याकडे वळली. कितीतरी दिवसांनी ती त्याच्याकडे बघत होती.

“ता, बोला ना,” ती कुजबुजली. “मी एकटी किती जणांचं बोलू?”

सवेंगने बाहीने नाक पुसलं, जरा तिच्या बाजूला सरकला आणि मायक्रोफोन उचलला.